रिकाम्या आकाशाचा कोपरा

मॅडम,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, मी स्वतः कॉलेजात शिकवते, पण तुमची भीती काही गेली नाही. आज अकोल्याला जठारपेठेतल्या घरी टेबलाशी बसले आहे आणि संगणकाच्या पडद्यावर तुमचं काळं कापड टाकलेलं आहे. तेच, छत्रीचं, कडेला तुम्ही हाताने टीप घातलेलं. सून मघाशी विचारून गेली, की पडद्याला झोपवलं का. मी हसले, पण कापड काढलं नाही.

तुम्हाला अमरावतीची ती प्रयोगशाळा आठवत असेल. दिव्याचा प्रकाश मोजायचा, आधी अंधाराचं वाचन घ्यायचं आणि ते नंतरच्या वाचनातून वजा करायचं, एवढा साधा प्रयोग. सोडियमचा दिवा एकदा विझवला की पुन्हा तापायला वेळ घेतो, म्हणून मी शहाणपणा केला. दिवा चालूच ठेवला आणि त्यावर कापड टाकून अंधार मोजला. उत्तर कमी आलं. तुम्ही माझ्या मागे येऊन उभ्या राहता, कापडाचं टोक बोटाने उचलता आणि वर्गात कधी न बोललेल्या वऱ्हाडीत म्हणता, "काहून वं, कापड टाकलं का झाला अंधार? दिवा तं जळूनच राह्यला. जे मोजाचं तेच वजा केलं तू." पोरी हसल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्या रविवारी तुम्ही घरी बोलावलंत. स्वयंपाकघरात चहाचं दूध लहानशा पातेल्यात चढवलेलं होतं, आणि तुम्ही त्यावरची नजर न काढता हे कापड माझ्या हातात दिलंत. "ठेव तुले. पन दिवा इझवून वापरजो." बोलता बोलता दूध उतू गेलंच. तुम्ही ओटा पुसत म्हणालात, लहान पातेल्यात काही टिकत नाही.

मी आता लहान दीर्घिका पाहते, मॅडम. त्यांच्या चपट्या तबकडीत नवे तारे पेटतात, त्यांच्या प्रखर प्रकाशाने भोवतालच्या वायूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तो वायू तांबूस, अगदी मंद उजळतो. तापलेला वायू तबकडीच्या वर-खाली उसळतो. मोठी दीर्घिका त्याला परत ओढून घेते. लहानीची पकड कमजोर, त्यामुळे वायू निसटला तर कायमचा गेला, आणि वायू गेला की पुढचे तारे कशातून होणार? आम्ही शोधनिबंधात लिहिलं, की आम्ही पाहतो त्या एका लहान दीर्घिकेभोवतीचा उजेड थोड्याच उंचीवर संपतो, म्हणजे तिने आपला वायू धरून ठेवलाय. त्यावर माझ्या विद्यार्थिनीचा सगळा प्रबंध उभा आहे. ती धामणगावची. घरातली पहिलीच इतकी शिकलेली, आणि तिच्या आईने आत्तापासूनच शेजारीपाजारी तिला डॉक्टर करून टाकलंय.

परवा तीच दारात उभी राहिली. "मॅडम, एक विचारू का? रागावसान तं नाही?" मी नाही म्हटलं. आपल्या आकाशालाही थोडा उजेड असतो, तो दुर्बिणीतून घेतलेल्या चित्राच्या एखाद्या रिकाम्या कोपऱ्यात मोजून सगळीकडून वजा करावा लागतो, हे तिला मीच शिकवलं होतं. ती म्हणाली, "तो कोपरा रिकामा हाय, हे आपण कशावरून धरलं?"

दीर्घिकेचा वायू त्या कोपऱ्यापर्यंत पसरलेला असला, तर आम्ही तिचाच उजेड तिच्यातून वजा केला. मग उजेड संपतो ती कड आम्हीच पाडलेली. मग ती लहानशी दीर्घिका सगळीकडून रिती होत चालली आहे आणि आम्ही मात्र तिचं सगळं ठीक असल्याचं लिहून बसलोय. दीर्घिकेचं चित्र घेतलं त्याच रात्रीची, तिच्यापासून दूरच्या आकाशाची दुसरी चित्रं हाताशी होती. त्यांतलं आकाश घेऊन सगळं गणित आज सकाळी पुन्हा लावलं. मला भीती वाटते, मॅडम. नाव जाईल याची वाटतेच, खोटं कशाला बोलू. पण ती पोर खरं विचारायला घाबरत घाबरत आली, आणि ते खरं निघालं तर सगळ्यात आधी तीच बुडणार, याची जास्त वाटते.

आत्ता तिचा फोन येऊन गेला. "झालं का मॅडम?" मी म्हटलं, "चालू आहे अजून." ती म्हणाली, "मी उद्या येतो मंग सकाळच्या गाडीनं. दोघी मिळून पाहू." जे निघेल ते पाहायला ती येते म्हणाली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. गणित जेवणाआधीच संपलं होतं, उत्तर पडद्यावर आहे. कापड मी त्यानंतर टाकलं.