मळक्या चादरींखाली

ता. ३ एप्रिल

ती. ताईस,
बाळाचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान धरतो. लॉन्ड्री जोरात आहे. दोन बड्या हॉटेलांच्या चादरी आता आमच्याकडेच धुवायला येतात. चादरी वाळवून सपाट करणारा वाफेचा नवा रूळ घेतला, त्याच्याशी लग्न लावलंस का म्हणून तुझी वहिनी रोज विचारते!

ठमीची परीक्षा संपली ना? सोळा वर्षांची घोडी घरात बसून तुझं डोकं खाणार. दे पाठवून. गल्ल्यावर बसेल, कपड्यांना चिठ्ठ्या लावील, चार पैसेही मिळतील. मामाच्या घरी तिला काय कमी?

मोठ्यांना नमस्कार, ठमीला एक धपाटा.
तुझा,
बाळ

ता. ९ एप्रिल

चि. बाळास,
अ. उ. आ.

ठमी नाचतच निघाली आहे. पण माझा स्वभाव तुला ठाऊक. खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना विचारून घेतलं. अठराच्या आतल्या मुलांना वाफेच्या किंवा फिरत्या यंत्रावर लावायचं नाही. संध्याकाळी उशिरापर्यंत ठेवायचं नाही. मध्ये विसावा द्यायचा. वयाचा दाखला मालकाजवळ हवा, तो ठमीच्या पिशवीत घातला आहे. चौदाच्या आतलं पोर तर कामाला ठेवायचंच नाही.

भावाला कायदा शिकवते म्हणून हस खुशाल. पोर माझी आहे आणि तिच्या वेंधळेपणाचा मला अनुभव आहे. जिवाला जप.
तुझी,
ताई

ता. २४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वहिनी आणि मी पोट धरधरून हसलो. अगं, परक्यांसाठी असतात ते कायदे! घरच्या पोरीला कसला आलाय कायदा? ठमी हुशार निघाली. गल्ल्यावर कंटाळली, म्हणून रुळाजवळ उभी केली, तर मोठ्या बायकांच्या वरताण चादरी घालते. तिच्या जोडीला बुटकी म्हणून एक पोर आहे. दोघींची गट्टी जमली आहे. तू उगाच काळजी करत बसू नकोस, तब्येत सांभाळ.
तुझा,
बाळ

ता. २ मे

ती. आईस,
सा. न.

आई, हे पत्र मिळताच मला न्यायला ये.

माझ्या जोडीला रुळावर बुटकी असते. ती माझ्या खांद्याएवढीही नाही. गेल्या आठवड्यात चादरीबरोबर तिची बोटं रुळात गेली. मामाने वर टूथपेस्ट फासली, फडकं बांधलं आणि तिला बजावलं की घरी चहा सांडला म्हणून सांग. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामावर. मी मामीला सांगितलं, तर ती म्हणाली की गरिबांची पोरं चिवट असतात.

आज दुपारी तपासणीच्या बाई आल्या. मामा धावत आत आला, आम्हा दोघींना मळक्या चादरींच्या ढकलगाडीत बसवलं आणि वरून आणखी चादरी टाकल्या. आई, हॉटेलच्या चादरी कशा असतात ते तुला लिहवत नाही. कोणी ओकलेलं, कोणाचं रक्त, बाकीचं विचारू नकोस. माझ्या गालाला काहीतरी ओलं लागलं होतं. बुटकी दुखरा हात तोंडाजवळ धरून अंग चोरून बसली होती. रडायचंही नाही हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही.

बाहेर मामा बाईंना सांगत होता की इथे सगळे अठराच्या पुढचे. मग लाडात येऊन म्हणाला, माझी स्वतःची भाची एवढीच आहे, मला लेकीसारखी, मी कोणाच्या लेकराला असल्या कामाला लावीन का?

ते ऐकलं आणि मला उमळून आलं. मी चादरी ढकलून उभी राहिले आणि तिथेच ओकले. मामा बाईंना हसत म्हणाला, पोरी लपाछपी खेळताहेत. मग मी बुटकीचा बरा हात धरून तिलाही वर काढलं. बाईंनी वय विचारलं. मी खरं सांगितलं. बुटकी मामाकडे बघत राहिली.

ये गं लवकर.
तुझी,
ठमी

ता. ११ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू ठमीला घेऊन गेलीस, माझ्या घरचं पाणीसुद्धा न पिता. असो. तपासणीवाले रूळ बंद करून गेले आहेत, हॉटेलवाल्यांनी चादरी परत नेल्या. सगळं तुझ्या लेकीच्या एका हट्टापायी.

आता एकच कर. आम्ही खेळत होतो, एवढं ठमीला जबानीत सांगू दे. बुटकीच्या आईची समजूत मी घातली आहे, ती बोलणार नाही. शेवटी रक्ताचं नातं आहे, ताई. आईनंतर तूच मला भरवलंस. भावाला असं वाऱ्यावर सोडू नकोस.
तुझाच,
बाळ

ता. १५ मे

बाळ,

ठमीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती उठून मोरीत गेली आणि पुन्हा तोंड धुऊन आली. इथे आल्यापासून दिवसभर तेच चाललं आहे. खरं काय ते सगळं तिने जबानीत सांगितलं, खाली पालक म्हणून माझी सही आहे.

तुला भरवलं, हे खरं. त्या हातांचीच मला आता शिसारी येते. परक्या माणसाने हे केलं असतं तर राग आला असता. तू केलंस, आणि वर लेकीसारखी म्हणालास, म्हणून किळस येते.

काल बुटकीच्या घरी गेले. डॉक्टर म्हणतात, दोन बोटं सरळ होणार नाहीत. तिची आई आधी घाबरली, मग रडली, मग चप्पल घालून उठली. सोमवारी आम्ही चौघी त्या तपासणीच्या बाईंकडे जाणार आहोत.

तिथे विचारतील म्हणून मी बुटकीला जवळ घेऊन तिचं वय विचारलं. तिने हळूच मलाच विचारलं, किती सांगू?

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही.
ताई