दोन म्हणायचं असतं

३ मार्च, सोमवार
वाचनालयाच्या आवारातली निलगिरी उतरवायचं काम मिळालं. वठलीय. शेंड्यापासून तुकडे करत खाली यायचं. संकल्प: या कामात बायकोशी वाद घालायचा नाही. मी वर, ही खाली, लग्नापासून असंच चालू आहे. झाडं उतरवायचा कोर्स दोघांनी एकत्र केला, सर्टिफिकेट दोघांनाही मिळालं, पण वर जायला अंगात काहीतरी लागतं. माझ्यात ते आहे.

४ मार्च, सकाळी
चहाबरोबर हिने नियम पुन्हा ऐकवले. मला झोपेतही पाठ आहेत. झाडावर माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा. एक लांब दोर, वरच्या बेचक्यातून आलेला, चढण्या-उतरण्यासाठी. दुसरा लॅनयार्ड, म्हणजे कमरेचा आखूड दोर. खोडाभोवती टाकून आवळला की हात मोकळे. करवतीचं मशीन सुरू करण्याआधी खालून ही ओरडणार, दोन? मी दोन्ही दोरांच्या पट्ट्याला अडकवलेल्या कड्या हाताने चाचपून म्हणायचं, दोन.
चाचपायचं नवख्यांनी. मला कमरेला कळतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
ही म्हणाली, तुमचं 'दोन' माझा प्रश्न संपायच्या आत येतं. मी म्हटलं, त्याला तयारी म्हणतात. ही म्हणाली, एकदा जरी खोटं निघालं, तर त्या दिवसापासून मी वर आणि तुम्ही खाली.
गमतीत म्हणाली असावी. हसली मात्र नाही.

६ मार्च
दमलो. गुडघा कुरकुरतोय. सकाळी पेपर वाचताना हिने काहीतरी विचारलं, मी मान वर न करता दोन म्हटलं. चहात दोन चमचे साखर आली. डॉक्टरांनी साखर बंद केलीय. तरी प्यायलो, शब्द म्हणजे शब्द. नियम माझ्या अंगात किती भिनलाय ते यावरून दिसतं.
उद्यापासून चाचपणार. पटलं म्हणून नाही, वाद नको म्हणून.

७ मार्च
चाचपलं नाही. हातमोजे नवे होते.

१० मार्च, दुपारी, वाचनालयाच्या पायरीवर
जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण ही वेगळंच सांगेल.
मोठी फांदी ओलांडून वर जायचं होतं. अशी फांदी आडवी आली की लांब दोर सोडून तिच्यावरून घ्यावा लागतो आणि परत कमरेच्या पट्ट्याला लावावा लागतो. तोवर लॅनयार्डवर राहायचं. सोडला. वरून घेतला. मग जरा दम खाल्ला. दम खाण्याच्या नादात लावायचा राहिला, असं हिचं म्हणणं.
खालून आलं, दोन? मी म्हटलं, दोन. पुन्हा आलं, दोन? मी जरा चिडूनच दोन म्हटलं आणि मशीनला हात घातला. तेव्हा हिने दोराचं खालचं टोक ओढलं. अख्खा दोर माझ्या कानाजवळून सळसळत गेला आणि हिच्या पायाशी जाऊन पडला.
मी वर, खोडाला मिठी मारून, एका लॅनयार्डवर. उतरायची सोय नाही. ग्रंथपालबाई खिडकीत आल्या. मागोमाग वाचक आले. मी हिला हाक मारली, तर एकाने मलाच शांतता राखायला सांगितलं.
मग ही तो दोर खांद्यावर टाकून, दोन आखूड दोरांवर चढून आली. एक कडी लागल्याशिवाय दुसरी सोडत नव्हती, दर वेळी चाचपत होती, आणि तरी फार लवकर पोचली. दोर बेचक्यातून घेऊन माझ्या पट्ट्याला लावला, ओढून पाहिला. मग पुन्हा दोनदा ओढून पाहिला. चढायची सवय नाही ना.
दोरच जुना झालाय, असं माझं मत.

११ मार्च
आज ही वर. फक्त आजच्यापुरतं. माझी पाठ धरलीय, असं हिला सांगितलं.
खाली काही काम नसतं असं मला वाटायचं. असतं. वर बघत राहायचं. ही उरलेल्या खोडाच्या टोकाजवळ गेली, झाड हललं. मी विचारलं, दोन? उत्तर नाही. मान खाली घालून ही कड्या चाचपत होती. किती वेळ चाचपत होती. पुन्हा ओरडणार, तेवढ्यात आलं, दोन. सावकाश. मी तिथेच ओंडक्यावर बसलो.
भीती वाटली मला. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. हिला इतकी वर्षं हेच वाटत असणार. माझं उत्तर तर इतक्या घाईत जायचं की त्यावर विश्वास ठेवावा असं त्यात काही नसायचं. तरी ही रोज विचारायची आणि तिथेच उभी राहायची.
संध्याकाळी दोर गुंडाळताना हिने विचारलं, पाठ कशी आहे आता? पाठीला काही झालंच नव्हतं. मी म्हटलं, अजून दुखतेय. उद्याही तूच जा.