सुभेदारांची फीत

पलटणीतनं, समुद्रापार
जानेवारी १९४४

आयेच्या पायावर बाळासोचं डोकं. मी खुशाल हाय. चंद्राक्का, आयेला सावकाश वाचून दाखव.

भरतीवाले लालासाहेब सुभेदार वारल्याचं तुमच्या पत्रातनं कळलं. त्या दिवशी पलटणीत निम्म्यांनी जेवण टाकलं, निम्म्यांनी गूळ वाटला. सगळी त्यांनीच भरती केलेली म्हसवडकडचीच पोरं, पण एकमेकांकडं बघंनात.

इथं धुकं लय. सकाळी बसल्या जागी डोळा लागला, तर सुभेदार आपल्या शाळूच्या रानात छाती मापायची फीत घेऊन उभे. एकेक ताट मापत होते आन् वाऱ्याला म्हणत होते, हळू. आये, तू बांधावरनं बघत होतीस.

गाय व्याली का? तुझा गुडघा कसा हाय?

आये, तू त्यांच्या दारात गेली नसशील. माझं पोरगं नेलं म्हणून चार वर्सं त्यांच्या नावानं बोटं मोडलीस. खरं सांगतो. छाती कमी भरली म्हणून त्यांनी मला दोनदा माघारी धाडलं. आईकडं जा म्हणाले. तिसऱ्या खेपेला मी दम कोंडून छाती फुगवली. फीत तशीच धरून ते माझ्याकडं लय वेळ बघत राहिले, मग नाव लिहून घेतलं.

त्यांच्या बायकोला भेटून ये. शिव्या माझ्यासाठी ठेव. घरी आलो की दारात उभा करून दे.

तुझा
बाळासो