शिंपीकाकांची तालीम

३ मार्च, सोमवार

आजपासून मी नियमपालन अधिकारी! शनिवारपर्यंत याच खुर्चीत, याच पगारात नुसती कारकून होते. आमची संस्था म्हाताऱ्या माणसांच्या घरी मदतनीस पाठवते. परवाना महिनाअखेर संपतोय. तपासणीत पास झालो तरच नवा मिळणार. साहेब म्हणाले, बुडालो तर तुमच्यामुळे. तरलो तर कोणामुळे, ते काही बोलले नाहीत.

४ मार्च

तपासणीसाठी परवाना देणाऱ्या खात्याने शिंपीकाकांचं घर निवडलंय. एकटेच राहतात, मुलगा परदेशात. आमची मदतनीस मावशी रोज सकाळी त्यांची आंघोळ, गोळ्या उरकून पुढच्या घरी पळते. आज मी नियमावली घेऊन गेले. पायपुसणं — पाय अडकण्याचा धोका — उचललं. कापडाची मोठी कात्री — धारदार वस्तू — कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. काका म्हणाले, सगळा जन्म या कात्रीवर काढला, कधी बोट कापलं नाही. मी त्यांना नियम वाचून दाखवला. अधिकारी ना मी!

६ मार्च

तालीम सुरू. तपासनीस काय विचारणार ते आधीच ठाऊक असतं, सगळ्याच संस्था घोकून घेतात. मी विचारलं, "तुमच्या आवडीनिवडीचा मान राखला जातो का?"

"कात्री द्या."

कपाळावर हात मारून घेतला. आता रोज जावं लागणार.

११ मार्च

खरं सांगायचं तर मजा येतेय. साहेबांना कळलं तर पगार कापतील. मी पोचायच्या आधीच काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार असतात. आणि मुद्दाम चुकतात, लबाड! सगळं बरोबर आलं तर मी लवकर उठेन ना. आज माझ्या ड्रेसकडे बघून काकांनी विचारलं, ही बाही कोणत्या गाढवाने बसवली? मीच शिवलाय ड्रेस, म्हटलं. मग हसू आवरेना त्यांना. मग मलाही.

१३ मार्च

ताप. गेले नाही. काकांनी ऑफिसला दोनदा फोन केला म्हणे.

१७ मार्च

तपासणी झाली. तपासनीस बाईंनी पहिला प्रश्न विचारला आणि काकांनी पुढच्या दोन प्रश्नांचीही उत्तरं देऊन टाकली! म्हटलं, तालीम उघडी पडली. बाईंनी मान डोलावून शेरा मारला — ग्राहक आपल्या हक्कांबाबत जागरूक. पास! ऑफिसात केक. मोठा तुकडा अर्थातच साहेबांना.

२२ मार्च

काकांचा फोन. उद्या तालीम किती वाजता? म्हटलं, काका, संपली ती. "बरं," म्हणाले. पण फोन ठेवेनात. शेवटी मीच ठेवला. इतर घरांचं केवढं काम तुंबलंय. वाईट वाटलं. दिवसभर वाटत राहिलं.

२६ मार्च

काकांनी खात्याकडे तक्रार केली — माझ्या नावाने! कारण काय, तर बाई येत नाहीत. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याने घरी जाऊन समक्ष खुलासा करायचा, असा नियम आहे. तो त्यांना मोठ्या तोंडाने वाचून कोणी दाखवला? मीच!

नव्या परवान्यावर अजून सही व्हायचीय. साहेबांचा थयथयाट. मी धावत गेले. काका दाढी करून बसलेले.

"आलात ना?"

हात जोडले. म्हटलं, परवाना गेला तर मावशीही यायची बंद होईल. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "मला वाटलं, फक्त तुम्हाला पाठवतील." माझ्यासमोरच फोन करून तक्रार मागे घेतली. निघताना कपाटाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

२८ मार्च

खात्याचा आदेश आला. ज्या अर्थी तक्रार इतक्या लगेच मागे घेतली, त्या अर्थी ग्राहकावर दबाव आला असणार. चौकशी होईपर्यंत काकांची सेवा बंद. मावशीनेही जायचं नाही. संस्थेच्या कुठल्याही माणसाने त्यांना भेटायचं नाही, फोनही करायचा नाही. हे सगळं कशासाठी? काकांच्या संरक्षणासाठी!

परवान्यावर मात्र सही झाली. साहेब म्हणाले, एका म्हाताऱ्यावर निभावलं. मी विचारलं, उद्या त्यांना आंघोळ कोण घालणार? ते आपल्या अखत्यारीत येत नाही म्हणाले.

२९ मार्च

संस्थेच्या माणसाने काकांना भेटायचं नाही. नियम म्हणजे नियम, पाळलाच पाहिजे. सकाळी राजीनामा टेबलावर ठेवला आणि तडक जाऊन त्यांची बेल वाजवली.