चाळीसची पँट

३ नोव्हें., सोम.
मुंबईच्या एजंटचा मेल आला. जॉइनिंग १२ जानेवारी! असिस्टंट वेटर, मेन डायनिंग. त्याआधी २२ डिसें.ला मुंबईत मेडिकल, आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद. बाबांनी मेल तीनदा वाचायला लावला. आई म्हणाली, "जहाजावर जेवाले तरी देतात का धड?" म्हटलं, मीच वाढणार आहे सगळ्यांना. दादा लगेच, "घरी कधी स्वतःचं ताट उचललं नाही बे, आता समुद्रात जाऊन उचलते!" पाच वर्षं वाट पाहिली ह्या कागदाची. संध्याकाळी तीन प्लेटा एका हातावर घेऊन घरभर फिरलो. एकही पडली नाही.

४ नोव्हें., मंगळ.
ड्युटी दारावर. शेठ म्हणतात, "जहाजावर चालला ना, प्रॅक्टिस होऊन जाईल."
शेठ लकडगंजचे, लाकडाचे व्यापारी. एकदा क्रूझला जाऊन आले आणि रामदासपेठेत पाचव्या मजल्यावर हे हॉटेल काढलं. गोल खिडक्या, पांढरे कठडे, भिंतीवर लाल-पांढरे टायर. समुद्र नागपूरपासून एका रात्रीच्या रेल्वेवर! क्रूझवर जेवणाच्या दारात शेठना हाफ पँटवरून अडवलं होतं. शेठाणी आत जाऊन जेवल्या, शेठनी बाहेर पोहायच्या तलावाजवळ उभ्यानं बर्गर खाल्ला. तो बर्गर अजून पचलेला नाही. म्हणून आमच्या दारावर पाटी: सातनंतर स्मार्ट कॅज्युअल. अर्थ शेठनाही सांगता येत नाही. आज एक काका विचारत होते, "म्हंजे लग्नाले घालतो तसं का?" गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून ड्रॉवरमध्ये चार काळ्या पँटी ठेवल्यात. ३४, ३६, ३८, ४०. हाफ पँटवाल्याने त्यातली घालायची, जेवायचं, परत द्यायची.
बाबांना हे काम पटत नाही. आजोबांना गावात वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. बाबा दूध आणायलाही इस्त्रीची फुल पँट घालतात, निघताना भिंतीवरच्या कोटातल्या फोटोकडे बघून कॉलर नीट करतात. आज म्हणाले, "कपड्यावरून माणसाले दारात उभं ठेवायचं. हे आपल्या घरच्यानं करायचं का बाबू?"
नोकरी आहे म्हटलं.

८ नोव्हें., शनि.
आठच्या सुमारास एक जण आईला घेऊन आला. पस्तिशीचा, गळ्यात जाड चेन, खाकी हाफ पँट. आई साठीची, कोरी साडी. तिचा वाढदिवस होता. मी ठरलेलं वाक्य म्हटलं. तो म्हणाला, "ए वेटर, मी कोण आहे माहीत आहे का तुले?" नव्हतं. माझ्या नाकासमोर चुटकी वाजवली, दोनदा. आई म्हणाली, "राहू दे ना बंटी, दुसरीकडे जाऊ." त्याने तिच्याकडे पाहिलं. मग मला, "आण पँट."
४० चीच हाताशी होती. त्याची कंबर ३४ असेल. बेल्ट नाही. बाथरूममधून निघाला तो दोन्ही मुठींत पँट धरून. बारा नंबर टेबलवरच्या मुली हसल्या, मग सगळं हॉटेल हसलं. आई मागून कंबर धरून चालली, लहान पोराला नेतात तसं. शेठ काउंटरवर तोंड दाबून. मीही हसलो.
जेवला. मान वर केली नाही. तीच पँट घालून गेला, त्याची हाफ पँट इथेच राहिली.

९ नोव्हें., रवि.
डाव्या हाताने लिहितोय.
चार वाजता ड्युटीला जाताना हॉटेलच्या गल्लीत तो उभा. सोबत दोघे, एकाकडे लोखंडी रॉड. (त्याचं नाव ह्या वहीत लिहिणार नाही. बं. पुरे.) अंगात इन केलेला शर्ट, फुल पँट. "आज चालते का?" हातात ती ४० ची. घडी घातलेली, इस्त्री केलेली, कडक रेघ. हे का लक्षात राहिलं कळत नाही.
"घाल."
भर रस्त्यात माझी पँट काढायला लावली. ती घातली.
"हात वर. चाल."
चार पावलांत घसरली. धरायला हात खाली नेला, मनगटावर रॉड. परत वर. परत घसरली. परत हात. ह्या वेळी बोटांवर. आवाज आला, सुकी काडी मोडल्यासारखा. "हात वर म्हटलं ना बे!" तिसरा. पाणीपुरीवाला बघत होता. समोरच्या बाल्कनीत मोबाइल धरून कोणीतरी. मग मी धरायचं सोडलं. पँट घोट्याशी, दोन्ही हात वर, कोपऱ्यापर्यंत तसाच चाललो. कोपऱ्यावर पोटात लाथ. खाली पडल्यावर तोंडावर. एक दात हलतोय.
उजव्या हाताची दोन बोटं मोडली, मनगटाला तडा. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे. मोजले. २१ डिसें. मेडिकल २२ ला.

११ नोव्हें., मंगळ.
शेठ घरी आले, संत्री घेऊन. "पोलिसात नको जाऊ. हॉटेलचं नाव खराब होते, अन् तुया कागदही अटकते." एजंटला फोन केला. त्याचंही तेच. कुठलीही केस दिसली, तुझ्या बाजूने असली तरी, फाइल थांबते.
म्हणजे मार खायचा आणि तोंड दाबून बसायचं. हात मोडला तो माझा, आणि चारित्र्य तपासणार तेही माझंच.
व्हिडिओ फिरतोय. मावसभावाने मलाच पाठवला. खाली हसरे चेहरे.
डाव्या हाताने ताट भिंतीवर फेकलं. चिनी मातीची प्लेट होती, प्रॅक्टिसची. तुकडा आईच्या पायात गेला. ती खाली बसून तुकडे वेचत राहिली. पायातून रक्त येत होतं, आधी फरशी पुसली.

१४ नोव्हें., शुक्र.
रोज मारतो त्याला. दात घासताना मारतो, आंघोळीला मारतो. डोकं कठड्यावर आपटतो, तोंडात ती पँट कोंबतो. मग हात ठणकतो आणि कळतं, आपण मोरीत उभे आहोत.
आई भात कालवून देते. अठ्ठावीस वर्षांचा घोडा, आईच्या हातून जेवतोय.
दादाने पत्ता काढला. सक्करदऱ्याला, तलावामागे. लकडगंजला ट्रक भरायची माणसं पुरवतो. "कधी जायचं सांग फक्त." बाबांना सांगायचं नाही असं ठरलं.

१६ नोव्हें., रवि.
सगळं लिहितो. उद्या खोटं लिहीन.
अकराला दादा आणि मी त्याच्या घरी गेलो. दादाच्या जॅकेटच्या आत पाइप. दार आईने उघडलं, त्याच्या. मला ओळखलं.
"अरे, तू तं त्या हाटेलातला ना? ये ना बाप्पा. हाताले काय झालं तुया?"
तिला काहीच माहीत नाही! म्हटलं, पडलो.
"बंटी येतेच आता. पँट देल्ली ना त्यानं वापस? मी रातीच धुतली अन् सकाळी इस्त्री केली. लोकाची वस्तू, नीट द्यावं."
म्हटलं, "देल्ली काकू."
"मले म्हणे, आई, तुले जहाजावर नेतो. खऱ्या जहाजाचं तं आपल्याच्यानं होत नाही, मग म्हणे नागपुरातलंच दाखवतो. लोकं लय हासले ना पण. दोन दिवस जेवला नाही पोरगा." मग, "बस, पाणी आणते."
ती आत गेली आणि बाहेर गाडी वाजली.
तेव्हाच दादाला म्हणता आलं असतं, चल. तोंड उघडलंही होतं. पण म्हटलं नाही.
तो गाडीवरून उतरायच्या आत दादाचा पहिला फटका, गुडघ्यावर. गाडी त्याच्याच अंगावर पडली. दुसरा नडगीवर. पाय जिथे वाकू नये तिथे वाकला. तो ओरडला नाही, कुत्र्यासारखा घशात आवाज काढला. मी तोंडावर लाथ मारली. मग म्हणालो, "हात वर कर बे." त्याने केले. खरंच केले, दोन्ही. बरगड्या उघड्या पडल्या, तिथे मारलं. तीनदा. चौथ्यांदा बूट निसटला.
बरं वाटलं. हेच लिहायचं होतं. पोटातून बरं वाटलं.
वर पाहिलं तर दारात ती. हातात पाण्याचा ग्लास. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

१७ नोव्हें., सोम.
दादा अमरावतीला, मावशीकडे. बूट धुतला.
बं.ला दवाखान्यात भरती केलंय, पायात रॉड टाकणार. गाडीवरून पडलो असं लिहून दिलं म्हणे. दुपारी माझ्या मोबाइलवर त्याचा आवाज आला. हळू बोलत होता, श्वास लागत होता. "तू जाय जहाजावर. आरामात जाय. वापस तं येशीलच ना."
बाबांना शेजाऱ्यांकडून कळलं. त्यांनी विचारलं, "त्याच्या मायच्या समोर?" हो म्हटलं. ते उठून गेले. दूध आणायची वेळ नव्हती.

२५ नोव्हें., मंगळ.
कंपनीचं पुस्तक मेलवर आलं. एकशे चाळीस पानं, पाठ करून यायचं. पाहुण्यांचे पोशाख आणि जेवण, पान १९. इंग्रजीत आहे, इथे आपल्या शब्दांत उतरवतो, म्हणजे विसरणार नाही:
बहुतेक संध्याकाळी कॅज्युअल. जेवणाला नीटनेटकी हाफ पँट चालेल. फक्त पोहण्याचे ओले कपडे नकोत. कपड्यांवरून कुणाही पाहुण्याला दारातून परत पाठवू नये. लाजवू नये. बसवावं आणि हसून वाढावं.
परत वाचलं. खिडकीपाशी जाऊन परत.
शेठना कुठल्या जहाजावर अडवलं देव जाणे. ह्या जहाजावर बंटीला आत घेतलं असतं. त्याच खाकी हाफ पँटवर, आईसकट. बहुतेक मीच वाढलं असतं.
खूप हसू आलं. मग हसू थांबेना तेव्हा आई आली.

२६ नोव्हें., बुध.
८ तारखेची नोंद काढून वाचली. "४० चीच हाताशी होती."
खोटं आहे ते. ३४ ची अगदी वर होती. ती बाजूला सारून खालून ४० ची ओढून काढली. चुटकी वाजवली म्हणून. दोन चुटक्या. तो आईसमोर पँट धरून चालावा म्हणून. पाटी शेठची होती, पण हा नियम माझा.
हे कुणालाच माहीत नाही. शेठनाही नाही. बंटीला बहुतेक माहीत आहे. ड्रॉवर उघडा होता, त्याला आकडे दिसत होते.

२ डिसें., मंगळ.
बाबांना सांगितलं. ३४ चं.
ते म्हणाले, "तुया आजोबाच्या वहाणा हातात घ्याले लावणारा माणूस काही लय मोठा नव्हता. त्याच्या हातात तेवढंच होतं, म्हणून तो ते करे." जेवायला बसले नाहीत. मला रडू आलं. त्यापेक्षा जास्त लाज ह्याची वाटली, की बंटीच्या बरगड्या आठवून अजून थोडं बरं वाटतं.

५ डिसें., शुक्र.
ठाण्यातून फोन. व्हेरिफिकेशनला सोमवारी साडेपाचला या, अधिवेशनाच्या बंदोबस्तातून साहेब तेवढ्यालाच मोकळे आहेत. "काही केस-बिस नाही ना?" नाही म्हटलं. आजच्या तारखेला हे खरं आहे. बंटी घरी आलाय, भिंत धरून उठतो म्हणे. त्याने किंवा त्याच्या आईने एक अर्ज दिला की संपलं. दादाचंही संपलं.
हॉटेलवर जाऊन राजीनामा दिला. शेठ म्हणाले, "जहाजवाल्याले आमचं नाव सांगजो." ड्रॉवर उघडला. ३४ ची घडी मोडलेली नाही. बाजूला बंटीची खाकी हाफ पँट, तशीच चुरगळलेली. ती घेऊन आलो.

८ डिसें., सोम.
काल आईने ती धुतली. आज सकाळी बाबांनी पलंगावर चादर अंथरून तिला इस्त्री केली. हाफ पँटला रेघ पाडत होते, आजवर त्यांनी घरात हाफ पँट येऊ दिली नव्हती. कागदात गुंडाळून माझ्यासमोर ठेवली.
बंटीकडे द्यायला जातोय. आई नको म्हणते. "मारून टाकतीन तुले. अन् नाही मारलं तं पोलिसात देतीन. ठाण्यातली साडेपाचची सही होऊ दे, मग जाय." तिचं खरं आहे. सही झाल्यावर जाणं जास्त शहाणपणाचं. पण मग ते जाणं कशाचं?
काय बोलायचं ते ठरवलंय. ३४ ची वरच होती, हे आधी. त्याच्या आईसमोर. लाथांचं नंतर. ते तिने पाहिलंच आहे.
काय घालून जायचं कळेना. एकशे चाळीस पानांत हे कुठे नाही. बाबा म्हणाले, "इस्त्रीची घाल." प्लास्टरच्या हाताने हुक लागत नाही. रोज आई लावते. आज बाबा समोर गुडघ्यावर बसले, हुक लावला, चेन ओढली, बेल्ट घातला. एक भोक जास्त आवळला.
म्हटलं, "दारातूनच परत पाठवलं तर?"
"तं वापस ये. उद्या पुन्हा जाय."
अकराला दहा कमी. बस सापडली तर साडेअकराला सक्करदरा. वही आईकडे देऊन जातो.