किरणच्या नावाचा पास

१८ ऑगस्ट, सोमवार
पो. स्टे.ला पाचवी खेप. चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरून दोन महिने झाले. आजचा हवालदार भला माणूस, बसायला खुर्ची दिली. म्हणाला, दाखला मिळेल, पण त्यावर शेरा येणार. सदोष मनुष्यवध, सात वर्षं, शिक्षा भोगून सुटका. मी विचारलं, शेरा किती वर्षांनी निघतो. त्यानं पेन खाली ठेवलं. "तो निघत नसतो, भाऊ."

मग चहा मागवला. बहुतेक त्यालाच वाईट वाटलं.

आत असताना वाटायचं, एकदा बाहेर पडलो की झालं. सुटून पाच महिने झाले. काय झालं? ही वही लिहायची सवय तिथलीच, ती तेवढी बाहेर आली माझ्याबरोबर.

२१ ऑगस्ट, गुरुवार
निघोज्यात एका कंपनीच्या टूलरूमला डाय फिटर हवाय. माझंच काम. डाय म्हणजे पत्र्याचे भाग पाडायचा साचा. ती बसवायची, घासायची, जुळवायची. झोपेत उठवलं तरी करीन. पण ठेकेदाराचा माणूस म्हणतो आधार आणि पोलिसांचा दाखला, नाहीतर गेटपास नाही. माझा दाखला नेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

जेवताना किरणला सांगितलं. धाकटा भाऊ, पण मी आल्यापासून घरातला थोरला तोच. त्याच्याच दोन खोल्यांत राहतो मी, भोसरीत. तो दुसऱ्याचा टेम्पो चालवतो, मालकाकडे कसली नोंद नाही, कागद नाही. म्हणाला, "माझं नाव तसंही रिकामंच पडलंय, दादा. वापर की." आधारवरच्या फोटोत कोण कुणासारखं दिसतं राव! दोघं पोट धरून हसलो. स्वाती, त्याची बायको, हसली नाही. भात वाढून आत गेली.

हाही गुन्हाच. मला कळतं. सात वर्षं आजूबाजूला कलमांशिवाय दुसरं बोलणं नव्हतं.

१ सप्टेंबर, सोमवार
किरणच्या नावाचा दाखला आठ दिवसांत आला, कोरा. त्यावर पास मिळाला. फोटो माझा, नाव किरण. गेटवर अंगठा ठेवला, मशीनवर हिरवा दिवा.

टूलरूमचे सुपरवायझर शेळके साहेब, मूळचे निघोज्याचेच. पहिल्याच डायला हात घातला तर मागं उभे राहून बघत होते. म्हणाले, "हात बसलाय तुजा. कुटं शिकला?" भोसरीत, म्हटलं. दिवसभरात खरं बोललो ते एवढंच.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. कानशीचा आवाज, ऑइलचा वास. सात वर्षांत हात विसरतील असं वाटलं होतं, विसरले नाहीत.

१९ सप्टेंबर, शुक्र.
पहिले पंधरा दिवस कोणी किरण म्हणून हाक मारली तर मी वळायचोच नाही. पोरांनी 'बहिऱ्या' नाव ठेवलं. आता वळतो. टूलरूमचा फोन वाजला की माझ्याच हाताशी असतो, म्हणून मीच घेतो. "टूलरूम, किरण बोलतोय." जीभ आता अडखळत नाही.

आज बसमध्ये कोणीतरी मागून "दत्ता" म्हणालं, माझं खरं नाव. दुसऱ्याच कुणाला. मी वळलो नाही.

१ ऑक्टोबर, बुध. खंडेनवमी
टूलरूममध्ये सगळी हत्यारं पुसून टेबलावर मांडली. शे. साहेब म्हणाले, किरण, तू लाव कुंकू. कानशी झाल्या, हातोड्या झाल्या, मग पाने. बत्तीसचा पाना आला आणि हात थांबला.

बाळूला मारला तो बत्तीसचाच. गावचा माझ्या, तीन घरं सोडून. इथं एकाच खोलीत राहायचो, एकाच वर्कशॉपला होतो. डाय मी बिघडवली, त्यानं मालकाला जाऊन सांगितलं. खोटं नव्हतं सांगितलं त्यानं. मी एकदाच मारला. कोर्टात माझा वकील हेच सारखं म्हणत होता, एकदाच साहेब, एकदाच. बाळूला एकदाच पुरला.

लावलं कुंकू. नारळ फोडला. पेढाही खाल्ला सगळ्यांबरोबर. नंतर नळावर जाऊन बोटाचं कुंकू घासून काढलं. शिसारी आली स्वतःची.

१४ ऑक्टो., मंगळ
शे. साहेबांनी बाजूला घेतलं. ठेकेदाराकडची दोन माणसं कंपनीच्या रोलवर घेणार आहेत, एक नाव त्यांनी माझं दिलं. म्हणजे किरणचं. म्हणाले, "परमनंट होशील. आठावन्नपातुर बघायला नको." पोलिसांची पडताळणी पुन्हा होईल, पण तुला काय भ्यायचंय.

किरणला काहीच भ्यायचं नाही. स्वच्छ आहे तो.

अठ्ठावन्नपर्यंत किरण. निवृत्तीच्या दिवशी हारसुद्धा त्याच्याच नावाचा. आणि तरीही, लिहायला लाज वाटते, मला ते हवंय. फार हवंय.

१९ ऑक्टो., रवि
किरण टेम्पो धुवायला गेला होता, मोबाइल घरी विसरून. वाजला. उचलला, आणि सवयीनं तोंडातून गेलं, "किरण बोलतोय." गावाहून आई. आमचे आवाज फोनवर पहिल्यापासून सारखेच. मी काही बोलायच्या आत तिनं सुरू केलं.

"किरण्या, दत्ताला दिवाळीला संगं आनू नको बाबा. बाळूची माय अजून दारातच बसलेली असते. मी रोज तिच्यापुढून खाली मान घालून जाते पान्याला. ह्यो आला तर मला तेवढं बी जमायचं न्हाई. मी म्हनले म्हनून सांगू नको त्याला."

मी म्हटलं, बरं. किरण म्हणतो तसंच म्हटलं.

मग विचारलं, नीट जेवतो का त्यो. जेवतो, म्हटलं. ठेवला.

तिच्या गुडघ्याला पट्टा आणलाय मी. स्वतः जाऊन बांधायचा होता.

२० ऑक्टो., सोम
किरण, स्वाती आणि छोटी ईश्वरी सकाळच्या गाडीनं गावी गेले. किरण दोनदा म्हणाला, चल की दादा. जादा शिफ्ट आहे म्हणालो. नव्हती. पट्टा त्याच्याकडे दिला. सांग तूच घेतलास. तो माझ्याकडे बघत राहिला. मी पिशवी बांधायला घेतली.

फराळ शेजारच्या काकूंनी दिला. बरा होता.

१० नोव्हेंबर, सोम
टेम्पोच्या मालकानं गाड्या विकल्या. किरण घरी. पण नशीब बघा, चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायला त्याला बोलावलं. चाचणीत पास झाला, मेडिकल झालं. कागद भरताना तिथल्या बाईनं आधार टाकला आणि म्हणाली, तुम्ही तर निघोज्याला कामाला आहात. पी.एफ. चालू दिसतोय तुमचा.

किरण काहीतरी गुळमुळीत बोलून परत आला. पंधरा दिवसांची मुदत आहे. जुनं काम सोडल्याचं पत्र आणा, नाहीतर दुसरा माणूस घेऊ. माझं परमनंटचं पत्रही येत्या सोमवारी मिळणार, सही करायला.

एक नाव, आणि ओढणारे दोघं.

११ नोव्हें., मंगळ
किरण म्हणतो, तू हो परमनंट, मी टेम्पो बघतो दुसऱ्या कुणाचा. तुला कोण देणार दादा, मला कुणीही देईल. मनापासून म्हणाला. हाच तर त्रास. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

मी "बघू" म्हणालो. नको म्हणायला हवं होतं. जीभ रेटली नाही. दिवसभर हिशेब मांडत होतो की याला खरंच दुसरा टेम्पो मिळेल. लिहून ठेवतो, म्हणजे पुढं विसरायला नको मी कसा आहे ते.

१३ नोव्हें., गुरु
किरण बाहेर गेलेला. स्वाती चहा घेऊन आली, कप ठेवला, पण गेली नाही. इतक्या महिन्यांत माझ्यासमोर कधी बसली नव्हती, आज बसली. म्हणाली, "भाऊजी, मी तुम्हाला कधी राहू नका म्हणाले नाही. राहा. पण ह्यांचं नाव ह्यांना परत द्या. ह्यांच्याकडं तेवढंच आहे."

आवाज चढवला नाही, रडली नाही. चहा गार झाला.

१४ नोव्हें., शुक्र
राजीनामा दिला. सही किरणची केली, आता त्याच्यापेक्षा मलाच बरी जमते.

शे. साहेब चिडले. "येडा झाला का रं किरण? सोमवारी पत्र हातात पडनार तुज्या." घरची अडचण, म्हटलं. त्यांनी माझ्यासाठी वर शब्द टाकला होता. यांना तरी सांगावं असं फार वाटलं. साहेब, मी दत्तात्रय. हात माझा होता, नाव तेवढं त्याचं. पण सांगितलं तर किरण अडकतो, माझ्या आधी. खरं बोलायचीसुद्धा सोय ठेवली नाही मी.

गेटवर पास जमा. वॉचमन म्हणाला, परत येशील रे.

२१ नोव्हें., शुक्र
कंपनीचं पत्र आलं. किरण याने डाय फिटर म्हणून अत्यंत उत्तम काम केले, वर्तणूक चांगली. किरणला डाय आणि झाकण यातला फरक कळत नाही. ज्याला कळतो त्याच्या नावावर अनुभव शून्य. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं.

पण "वर्तणूक चांगली" ही ओळ परत परत वाचली. पत्र खिशात घडी घालून ठेवलं होतं. संध्याकाळी किरणला दिलं.

त्याचं काम झालं. स्वातीनं शिरा केला. मलाच आधी वाढला.

२६ नोव्हें., बुध
माझा दाखला मिळाला. माझं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं बरोबर छापलंय. खाली शेरा. सरकारी कागदावर आख्खं दत्तात्रय आहे ते आता इथंच.

हवालदार तोच होता. म्हणाला, ठेवा जपून.

१ डिसें., सोम
चिखलीत एका शेडमध्ये रोजावर लागलो. ग्राइंडिंग. कागद विचारले नाहीत, नावही नाही. मालक "ए भाऊ" म्हणतो. दोन वर्कशॉपवाल्यांना दाखला दाखवून पाहिला होता त्याआधी. एकानं वाचून घडी घातली, नीट, होती तशीच, आणि परत दिली. दुसऱ्यानं विचारलं, सात वर्षं काय करत होतास. दाखला त्याच्या हातातच होता.

७ डिसें., रवि
किरणला आज सुट्टी नाही. नव्या कंपनीत मोबाइल आत नेऊ देत नाहीत, म्हणून रोज घरीच ठेवून जातो. स्वाती ईश्वरीला घेऊन बाजारात गेली होती. दुपारी वाजला. आई.

नुसतं "हॅलो" म्हटलं.

"किरण्या, त्यो पट्टा लई बेस हाय रे. आता चालताना येवढं दुखत न्हाई. तुझं लई भलं होईल बघ."

हो म्हणून सोडून द्यायचं होतं. मागच्या खेपेसारखं. का बोललो कळत नाही.

"आई, पट्टा दत्तानं घेतलाय. मी दत्ता बोलतोय."

पलीकडे गप्प. भांडं ठेवल्याचा आवाज आला, का मला वाटला. मी थांबलो. मग बंद. गावात रेंज जाते अधूनमधून, हेही खरं.

परत लावला नाही. तिनंही अजून लावलेला नाही. किरण यायला तासभर आहे, मोबाइल समोर ठेवून बसलोय.