गाडी आता रिकामी फिरत नाही

माझ्या घरच्या माणसास, दुरून आशीर्वाद.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

दर शनिवारी इथे कामावर यंत्रं उतरवली की मालाची गाडी रिकामी परत फिरायची आणि मला आपल्या गावच्या फाट्यावर सोडायची. आता डिझेल वाचावं, धूर कमी व्हावा म्हणून ती इथूनच दुसरा माल भरायला भलतीकडे जाते. चांगलंच आहे म्हणा.

ड्रायव्हर म्हणाला, "काका, तुमच्यावर मालाची चिठ्ठी चिकटवू, मग नेतो!" सगळे हसले, मीही हसलो. खोलीवर आलो आणि हे पत्र लिहायला बसलो.

घरी यायला बसचं विचारतोय, पण गुडघा दुखत असताना तू शनिवारी फाट्यावर येऊन उभी राहू नकोस. आपली गाडी आता तिथून जातच नाही.

तुझाच,
म्हातारा